चांदीचं पाणी किती मिनिटांचं? म्हापशातल्या एका प्लेटिंग सेवेचं परीक्षण

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दीड-दोन महिन्यांवर आली की गोव्यात म्हापशात प्लेटिंगवाल्यांच्या काउंटरवर पितळी समया, तबकं, तांब्या, निरांजनं पिशव्यांतून येऊन पडतात. मागणी सगळ्यांची एकच: चांदीचं पाणी चढवून द्या. हे परीक्षण अशाच एका सेवेचं आहे. काम होतं १२ इंची ओतीव समयांची जोडी, एक तांब्या आणि एक नक्षीचं तबक. दुकानाचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण खाली दिलेली तपासणी कुठल्याही काउंटरला लावता येते, आणि लावावीच.

निकाल आधीच सांगून टाकतो. समयांचं काम चांगलं, तबकाचं बरं, तांब्याचं अर्धवट. बिल मात्र सगळ्यात कच्चं. त्यावर ‘चांदी प्लेटिंग, नग ४’ एवढंच. किती चांदी चढली, खाली कुठला थर आहे, याचा उल्लेख नाही. मागितल्यावर तोंडी उत्तर मिळतं आणि ते खरंही निघतं, पण न मागणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘बाय, चकचकीत करून देतो, मायक्रॉन-बिक्रॉन कशाला?’ हे काउंटरवरचं ठरलेलं वाक्य आहे. गोची नेमकी तिथेच आहे. चकाकी चांदीच्या जाडीतून येत नाही, ती खालच्या बफिंगमधून (चाकावर घासून चमकवण्यातून) आणि निकेलमधून येते. पाव मायक्रॉन आणि पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शेजारी ठेवले तर पहिल्या दिवशी डोळ्यांना फरक दिसत नाही. तो दिसतो दुसऱ्या-तिसऱ्या चवथीला, जेव्हा दांड्यावरची कडी पिवळी पडायला लागते.

म्हणून नगावर भाव करू नका, ग्रॅमवर करा. गणित सोपं आहे. १२ इंची समईचं सगळं अंग उलगडून मोजलं (बैठकीच्या दोन्ही बाजू, दांडा, तेलाची वाटी, वरचं टोक) तर साधारण ९०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ९ चौरस डेसिमीटर भरतं. जोडीचं १८. एका चौरस डेसिमीटरवर १ मायक्रॉन चांदी म्हणजे ०.१०५ ग्रॅम. तेव्हा जोडीला ५ मायक्रॉन चढवायचे तर साडेनऊ ग्रॅमच्या आसपास चांदी लागते. नुसता ‘फ्लॅश’ दिला, म्हणजे ०.३ मायक्रॉन, तर अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त. तोच नग, तीच चमक, आणि चांदीत सोळा पटींचा फरक. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून इथे रुपये लिहून उपयोग नाही. त्या दिवशीच्या ग्रॅमच्या भावाने गुणा आणि मजुरी वेगळी विचारा. या दुकानात मजुरी वेगळी सांगतात, ही जमेची बाजू.

आता ही चांदी खरंच चढली का, हे कसं कळणार? इथे वीज आपल्या बाजूने साक्ष देते. चांदीच्या सायनाइड टाकीत (सायनाइडच्या पाण्यात चांदी विरघळवलेली असते) १ अँपिअर प्रवाह १ तास चालला की ४.०२५ ग्रॅम चांदी बसते. कारागीर हुशार असो की नवशिका, हा आकडा बदलत नाही, आणि या टाकीत प्रवाह जवळजवळ वाया जातच नाही. साडेनऊ ग्रॅमसाठी सुमारे २.३५ अँपिअर-तास हवेत. रेक्टिफायरचा, म्हणजे टाकीला एकाच दिशेची वीज पुरवणाऱ्या यंत्राचा, काटा ९ अँपिअरवर असेल (चौरस डेसिमीटरला अर्धा अँपिअर, न हलणाऱ्या टाकीला हे बरोबर), तर जोडी टाकीत पावणेसोळा मिनिटं तरी राहायला हवी. त्याच प्रवाहावर एका मिनिटात बाहेर काढली तर तो फ्लॅश. अँपिअरचा काटा आणि भिंतीवरचं घड्याळ, या दोन गोष्टी पाहिल्या की तुम्ही चांदी तोलली असंच समजा. या दुकानाची टाकी मागच्याच खोलीत आहे आणि दारातून काटा बघू देतात. अनेक ठिकाणी काउंटर एकीकडे आणि टाकी भलतीकडे असते, तिथे ही सोय नाही.

जाता जाता: एवढ्या कामाला वीज किती लागते? मुख्य टाकीत दाब जेमतेम १ व्होल्टच्या घरात असतो. ९ अँपिअर, १ व्होल्ट, १६ मिनिटं म्हणजे ९ वॅटचा एलईडी बल्ब पाव तास जळावा तेवढीच. ‘लाइट महाग झाली’ म्हणून चांदीच्या टाकीचा दर वाढवला असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. खरी वीज खातात बफिंगच्या मोटरी आणि टाक्या गरम ठेवणारे हीटर.

आणखी एक बारकावा. विजेची ऊर्जा रसायनात साठते याचं शाळेतलं ठरलेलं उदाहरण म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होणं, आणि त्याच्या शेजारी मुलाम्याचं उदाहरण दिलेलं असतं. मुलाम्यात शुद्ध चांदीचा पत्रा धन टोकाला लावला असेल तर जेवढी चांदी समईवर बसते तेवढीच पत्र्यावरून सुटते. रासायनिक हिशोब शून्यावर येतो आणि वीज फक्त हमाली करते. पत्र्याच्या जागी न विरघळणारं स्टेनलेस स्टील लावलं तर तिथे ऑक्सिजन सुटतो, चांदी द्रावणातल्या क्षारातून येते, आणि मग विजेची ऊर्जा खरोखर रसायनात उतरते. गिऱ्हाइकाला याचा उपयोग एवढाच की स्टीलचा पत्रा लावलेल्या टाकीत चांदीचा क्षार वेळोवेळी घालावा लागतो. तो घालायचा कंटाळा झाला की टाकी पातळ होते आणि मुलामा कडांना करडा, खरखरीत येतो. या दुकानात धन टोकाला चांदीचेच पत्रे टांगलेले आहेत.

कामाची पद्धत. समई आधी आट्यांतून सोडवून चार तुकडे करतात. जुनं लॅकर (वरचा पारदर्शक लेप) आणि घट्ट झालेलं तेल गरम कॉस्टिक सोड्यात उतरवतात. खोबरेल तेलाचा वर्षानुवर्षांचा थर पिवळ्या वार्निशसारखा होतो, तो कड्यांच्या खाचांत बसलेला असतो, आणि मुलामा पापुद्र्यासारखा निघण्याचं पहिलं कारण तोच. मग बफिंग, आणि बफिंगचा मेणचट मसाला काढायला पुन्हा ६०-७० अंशांवर अल्कलीची धुणी. यानंतर या दुकानाचा कारागीर जे करतो ते बघण्यासारखं आहे. वाटी पाण्यातून काढून तिरकी धरतो आणि मनात तीसपर्यंत मोजतो. पाण्याचा पातळ पडदा अखंड राहिला तर पुढे. कुठे पडदा फाटून थेंब गोळा झाले तर त्या जागी अजून तेल आहे, वाटी परत धुण्यात. आमच्या कामात एका बैठकीच्या खालच्या बाजूला पडदा दोनदा फाटला आणि दोन्हीदा ती परत गेली. या एका सवयीसाठी दुकानाला पूर्ण गुण.

त्यानंतर सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडी, मग तांब्याचा पातळ थर, मग ५ मायक्रॉनच्या आसपास निकेल. निकेल कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पितळेवर थेट चांदी दिली तर पितळेतलं जस्त आणि तांबं हळूहळू चांदीत झिरपतं आणि दोन वर्षांत रंग मळकट होतो. निकेल मधला बांध आहे. पण निकेलचा एक दुर्गुण: हवेत वाळलं की त्यावर न दिसणारा थर धरतो आणि पुढचा धातू चिकटत नाही. म्हणून निकेलच्या टाकीतून निघालेला नग ओलाच, मध्ये न रेंगाळता, चांदीकडे जायला हवा.

चांदीच्याही दोन टाक्या असतात, आणि ‘थेट दुसरीत घातलं तर काय बिघडतं?’ याचं उत्तर ठाऊक असणारा कारागीर शोधावा. पितळ किंवा तांबं चांदीच्या दाट द्रावणात वीज नसताना बुडालं तर ते स्वतः थोडं विरघळतं आणि त्या जागी चांदी आपोआप बसते. ही चांदी भुसभुशीत असते. वर कितीही जाड थर चढवा, पाया पोकळच. म्हणून पहिली टाकी चांदीने पातळ आणि सायनाइडने दाट. तार आधी टाकीवरच्या विजेच्या दांड्याला अडकवायची, वीज चालू ठेवायची आणि मग नग बुडवायचा. ५-६ व्होल्टवर १५-२० सेकंद. नंतर मुख्य टाकी. इथे दोन्ही टाक्यांत नग वीज चालू असतानाच उतरवतात, हे पाहिलं. (बाजारात ‘घरीच चांदी चढवा’ म्हणून जे द्रव मिळतात ते या आपोआप बसणाऱ्या चांदीवरच चालतात. थर मायक्रॉनच्या लहानशा अंशाचा, दोन पुसण्यांत साफ.)

शेवटी गार पाणी, गरम पाणी आणि लाकडाचा भुसा. भुश्यात लोळवून वाळवणं जुनाट वाटतं, पण खाचांतलं पाणी भुसा ओढून घेतो आणि डाग पडत नाहीत. फक्त तो भुसा कोरडा हवा. पावसाळ्यात गोव्यात कोरडा भुसा ठेवणं हीच एक कसरत. इथे तो हीटरच्या पत्र्यावर पसरलेला होता.

आता तक्रारी. तांब्याच्या, म्हणजे त्या भांड्याच्या, आत चांदी जवळजवळ नाहीच. यात फसवणूक नाही. विजेचा प्रवाह टोकांकडे आणि कडांकडे धावतो, खोलगट भांड्याच्या पोटात शिरत नाही. पोटात चांदी हवी तर आत वेगळा चांदीचा पत्रा सोडावा लागतो, त्याला अर्धा तास जास्त आणि दर वेगळा. पण हे नग घेतानाच सांगायला हवं होतं. आतलं अंग निकेलच्या करड्या रंगाचं राहिलंय, तळाशी पितळ डोकावतंय. त्याच नियमाचं दुसरं टोक तबकावर दिसतं. काठाच्या नक्षीच्या कंगोऱ्यांवर प्रवाह गर्दी करतो, म्हणून काठ किंचित खरखरीत आणि मधली नक्षी पातळ. प्रवाह कमी ठेवून वेळ वाढवला असता तर हे टळलं असतं. गर्दीच्या दिवसांत तेवढा वेळ कोणी देत नाही, हे खरं कारण.

समयांचे आटे जड झाले. तांबं, निकेल आणि चांदी मिळून दहा-अकरा मायक्रॉन चढतात. आट्यांच्या तिरक्या अंगामुळे मापात त्याच्या सुमारे चौपट फरक पडतो, आणि जुन्या समईचे आटे मुळातच घट्ट असतील तर दांडा शेवटचे दोन वेढे फिरत नाही. जोर लावून फिरवला तर आट्यांवरचा मुलामा कुसळासारखा सुटतो. प्लेटिंगआधी आट्यांवर टेप गुंडाळायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, सांगितलं तर करतात.

जाडी तपासायला समईच तराजूवर ठेवावी असं वाटेल. त्यात फसगत होते. देताना आणि घेताना वजन केलं तर बफिंगमध्ये गेलेलं पितळ वजा होतं आणि निकेलचं वजन चांदी म्हणून मोजलं जातं. निकेल झाल्यावर, चांदीआधी वजन करा म्हणावं तर नग वाळवावा लागतो आणि वर सांगितलेला न चिकटण्याचा धोका येतो. त्यामुळे दुकानदार नको म्हणाला तर तो लपवतोय असं समजू नका. सोपा उपाय म्हणजे तांब्याची पट्टी. अडीच सेंटिमीटर रुंद, दहा लांब, स्वच्छ घासलेली; दोन्ही बाजू धरून अर्धा चौरस डेसिमीटर. ती सोनाराच्या काट्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंत तोलायची, समयांच्या शेजारी फक्त चांदीच्या दोन टाक्यांत टांगायची, वाळवून परत तोलायची. ५ मायक्रॉनला ०.२६ ग्रॅम वाढ हवी. आमच्या पट्टीवर ०.२४ आली, म्हणजे साडेचार मायक्रॉनच्या थोडं वर. पट्टी उघडी, सपाट असल्यामुळे खाचांपेक्षा तिच्यावर जास्तच बसते, तेव्हा दांड्याच्या कड्यांत तीन-साडेतीन धरा. पाच सांगून एवढं देणं वाईट नाही. पट्टी लावायला मालकांनी कुरकूर केली नाही, उलट स्वतःच तार वळवून दिली.

ओतीव समईला अजून एक दुखणं असतं, आणि त्यासाठीच काम श्रावण लागण्याआधी द्यावं. ओतकामात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. त्यांत टाकीतलं द्रावण अडकतं आणि आठ-दहा दिवसांनी दमट हवेत बाहेर झिरपून पांढरट किंवा हिरवट ठिपके उठतात. चवथीच्या आदल्या दिवशी घरी आणलेली समई माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली) ठेवल्यावर ठिपके दाखवायला लागली तर उपाय उरत नाही. आमच्या जोडीत एका बैठकीवर तीन ठिपके आले. दुकानाने परत घेऊन गरम-गार पाण्यात आलटून पालटून बुडवून, वाळवून दिली. पैसे घेतले नाहीत. डाग दिलेली, म्हणजे कथलाने जोडलेली जुनी समई असेल तर त्या जोडावर मुलामा टिकण्याची हमी कोणीच देऊ नये, आणि हे दुकान देतही नाही.

पावसात वीज जाणं ही आपल्याकडची आणखी एक भानगड. चांदीच्या टाकीत मध्येच वीज गेली तर फारसं बिघडत नाही, नग काढून पहिल्या टाकीतून परत सुरू करता येतं. निकेलच्या टाकीत गेली तर मात्र निकेलवर निकेल चिकटत नाही, दोन पापुद्रे होतात, आणि ते सुटतात महिन्याभराने. प्लेटिंगच्या रेक्टिफायरला जनरेटर आहे का, असा प्रश्न विचारायला लाजू नका. इथे जनरेटर आहे, पण तो सुरू होईपर्यंतचा खंड पडतोच. अशा वेळी नग आम्लात उजळवून मग पुन्हा टाकीत घालतात, असं कारागिराने सांगितलं. पद्धत बरोबर आहे.

सायनाइडबद्दल. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून चांगल्या चांदीला बहुतेक ठिकाणी सायनाइडचीच टाकी वापरतात. धुऊन वाळवलेल्या समईला हात लावण्यात धोका नाही. धोका टाकीशी आहे. सायनाइडच्या पाण्यात आम्ल सांडलं तर जीवघेणा वायू सुटतो. म्हणून आम्लाच्या आणि सायनाइडच्या टाक्या एकमेकींपासून लांब हव्यात, धुण्याची पाणी वेगळी हवीत आणि सांडपाणी गटारात न सोडता अल्कली करून हायपोक्लोराइटने त्यातलं सायनाइड मारायला हवं. इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या ‘लाल’ गटात येतं ते उगाच नाही. या दुकानात आम्ल एका भिंतीला आणि सायनाइड समोरच्या भिंतीला आहे, सांडपाण्याचे पिंप झाकलेले आहेत. पंखा मात्र एकच आणि तोही खिडकीच्या विरुद्ध बाजूला. हे सुधारायला हवं.

रोज लावायच्या समईला चांदी चढवूच नये, असं आमचं मत. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळापुढची उंच पितळी समई पितळीच शोभते. तेल, काजळी आणि रोजची घासणी यांत पाच मायक्रॉन फार तग धरत नाहीत. चवथ, सत्यनारायण, लग्नकार्य एवढ्यापुरती निघणारी जोडी असेल तर पाच पुरतात. नैवेद्याच्या तबकाला दहा घ्या. ज्यात जेवण वाढणार त्याला पंधरा-वीस, आणि तरीही सोलकढी, ताक, लोणचं त्यात ठेवू नका, कारण आंबट पदार्थ मुलाम्याच्या छिद्रांतून खालच्या पितळेपर्यंत पोचतो. लॅकर विचारतील तेव्हा दांड्याला आणि बैठकीला हो म्हणा, तेलाच्या वाटीला नाही. वातीच्या उष्णतेने ते करपून तपकिरी होतं.

घरी आल्यावर चिंच, आमसूल, राख, नारळाच्या सोडणाची घासणी हे सगळं पितळेचं. चांदीच्या पाण्याला यातलं काही लावायचं नाही. काळसर पडणं म्हणजे हवेतल्या गंधकाने झालेलं सल्फाइड. पॉलिशने घासलं की त्याच्यासोबत चांदीही जाते. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या टबात अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, १ लिटर कढत पाण्यात २ चमचे खाण्याचा सोडा आणि १ चमचा मीठ घाला, नग फॉइलला टेकेल असा ठेवा. दोन मिनिटांत काळं उतरतं, कुजक्या अंड्याचा किंचित वास येतो. इथे टाकीच्या उलटा खेळ चालतो: बाहेरून वीज द्यावी लागत नाही, अॅल्युमिनियम झिजतं आणि सल्फाइडची परत चांदी होते. त्या दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि लॅकर लावलेला भाग बुडवू नका. मग धुऊन, पुसून, मऊ सुती कापडात गुंडाळून, हवाबंद पिशवीत खडूचे दोन तुकडे टाकून ठेवा. वर्तमानपत्र आणि रबरबँड नकोत, दोन्हींत गंधक असू शकतं. रबरबँडची काळी रेघ तर चांदीवर हमखास उमटते.

दुकान आठ दिवस सांगतं, आम्हाला अकरा लागले. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत नग घ्यायला जाऊ नका, कोणाला वेळ नसतो. दुसऱ्या कुठल्याही सकाळी जा, समया काउंटरवरच जोडून बघा, आटे शेवटपर्यंत फिरतात का ते पाहा, बैठक उलटी करून खालच्या कडेवर पांढऱ्या कापडाने जोरात पुसा, आणि बिलावर ‘निकेल + चांदी ५ मायक्रॉन’ असं त्यांच्याच हातून लिहून घ्या.